आकाशातील तोफेचा हिशेब

भोकरदन तालुक्यातील असई हे गाव जालन्याहून फार लांब नाही. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातील ती जमीन आज पाहिली तर चारचौघा शेतांसारखीच दिसते. महाविद्यालयात शिकवीत असताना दर दोन-तीन वर्षांनी विद्यार्थ्यांची एखादी तुकडी मी तेथे नेत असे. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाचे रणांगणावर काय काम, असे सहकारी थट्टेने विचारीत. माझे उत्तर ठरलेले असे : तोफा पाहावयास नव्हे, तोफांचा हिशेब मांडावयास जातो.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी या ठिकाणी शिंदे-भोसल्यांच्या सैन्याचा आर्थर वेलस्लीने पराभव केला, हे शाळेतील मुलालाही ठाऊक असते. त्याच्या हाती शंभराच्या आसपास तोफा लागल्या, हेही सांगितले जाते. सहसा सांगितले जात नाही ते हे, की त्या तोफा हलक्या नव्हत्या. महादजी शिंद्यांच्या काळापासून आग्र्यास उभ्या राहिलेल्या कारखान्यांत त्या ओतल्या गेल्या होत्या. त्यांतील पितळी तोफा आपल्या सैन्यात वापरण्याजोग्या आहेत, असा निर्वाळा खुद्द वेलस्लीने दिला होता. गोलंदाजही भ्याड नव्हते. इंग्रजांची फळी पुढे सरकून गेल्यावर मेल्याचे सोंग घेऊन पडलेले गोलंदाज पुन्हा उठले आणि त्यांनी पाठीमागून तोफा डागल्या. मग उणे कोठे पडले? तोफ ओतण्याची विद्या, पलटणी चालविण्याची विद्या आणि अधिकाऱ्यांची निष्ठा या तिन्ही गोष्टी पगारावर आणलेल्या परकीयांच्या हाती होत्या. युद्ध तोंडावर येताच इंग्रज सरकारने जाहीरनामा काढला आणि शिंद्यांच्या चाकरीतील इंग्रज अधिकारी पलटणी सोडून निघून गेले. तोफ आपली, धातू आपला, मरणारा गोलंदाज आपला. विद्या मात्र भाड्याची होती.

असईची ही उजळणी करण्याचे कारण अलीकडचे आहे. २८ मार्च २०२५ रोजी संरक्षण मंत्रालयाने हिंदुस्थान एरोनॉटिक्सकडून १५६ ‘प्रचंड’ हेलिकॉप्टरे घेण्याचे करार केले. रक्कम ६२,७०० कोटी रुपये. त्याच वर्षी सप्टेंबरात ९७ ‘तेजस’ विमानांचा ६२,३७० कोटींचा करार झाला आणि ऑक्टोबरात नाशिकजवळच्या ओझर येथे तेजसच्या जुळणीची नवी शाखा सुरू झाली. स्वावलंबनाचा जयघोष झाला. तो सर्वस्वी खोटा होता असे मी म्हणणार नाही; १९६४ साली, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, ओझरला मिग विमानांचा कारखाना आला नसता तर आजचे हे कौशल्यही महाराष्ट्रात दिसले नसते. परंतु ‘तेजस’च्या पोटाखाली जी दुनळी तोफ आहे, ती २३ मिलिमीटरची रशियन रचनेची आहे. ‘प्रचंड’च्या नाकाखाली फिरणारी २० मिलिमीटरची तोफ फ्रेंच आहे. ओझरलाच तयार होणाऱ्या सुखोई-३० मधील ३० मिलिमीटरची तोफ रशियन, अपाचेवरील अमेरिकन, राफेलवरील फ्रेंच. क्षेपणास्त्रे बनविणाऱ्या देशाला विमानाची तोफ स्वतःची म्हणून अद्याप बसविता येऊ नये, याचे आश्चर्य वाटणाऱ्यांपैकी मी एक आहे.

ही तोफ म्हणजे काय प्रकार आहे, हे थोडे समजून घेतले पाहिजे. सुखोईमधील तोफेचे वजन अवघे ४६ किलो, म्हणजे एका सडपातळ माणसाइतके. मिनिटाला दीड हजार गोळे फेकण्याची तिची गती आहे, पण विमानात गोळे असतात दीडशे. हिशेब सोपा आहे : सहा सेकंदांत कोठार रिकामे. एका गोळ्याच्या पुढच्या भागाचे वजन सुमारे ३९० ग्रॅम धरले तर सहा सेकंदांत जवळजवळ ५८ किलो पोलाद आणि स्फोटके बाहेर पडतात. नळीला जो ताप आणि जी झीज सोसावी लागते तीमुळे दोन हजारांच्या आसपास गोळे झाडले की नळीचे आयुष्य संपते. हेलिकॉप्टरची तोफ याहून सावकाश चालते, मिनिटाला सात-आठशे. पण तिचे वैशिष्ट्य निराळे आहे. ती चालकाच्या शिरस्त्राणाशी जोडलेली असते. त्याची मान जिकडे वळेल तिकडे नळी वळते. पाहणे आणि मारणे यांमध्ये जे अंतर असे, तेच या योजनेने जवळपास नाहीसे केले आहे. या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आमच्या जालन्यात पोलादाचे कारखाने पुष्कळ. भंगार वितळवून सळया काढणाऱ्या भट्ट्यांनी या गावाचे नाव देशभर नेले आहे. त्यामुळे एखादा तरुण उद्योजक भेटला की म्हणतो, “सर, पोलाद आपल्याकडे आहे, मग तोफांचा कारखाना का नको?” त्याचा उत्साह मला आवडतो. पण घराच्या छतात घालावयाची सळई आणि तोफेची नळी या दोहोंत लोखंड समान असले तरी नाते तेवढेच. नळीच्या पोलादात क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम यांचे प्रमाण काटेकोर राखावे लागते, अशुद्ध द्रव्ये पुन्हापुन्हा काढावी लागतात, आणि हजारो धक्क्यांनंतर ते पोलाद कसे वागते याच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवाव्या लागतात. यंत्र विकत मिळते. अपयशाच्या नोंदवह्या विकत मिळत नाहीत, आणि तोफ खऱ्या अर्थाने त्या नोंदवह्यांतून जन्मते. पुण्यास पाषाण येथे शस्त्रसंशोधनाची शासकीय संस्था आहे, राज्यात दारूगोळ्याचे जुने कारखाने आहेत. जालन्यात २०१८ पासून मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा केंद्रही आहे. या सर्वांची गाठ घालण्यास दहा-पंधरा वर्षे धीराने पैसा लावावा लागेल, आणि तेवढा धीर निविदेच्या मुदतीत बसत नाही.

परदेशांचे काय, त्यांनी ही विद्या स्वतः निर्माण केली ना, असे कोणी विचारील. तिचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनीत बेकर नावाची २० मिलिमीटरची तोफ तयार झाली. पराभवानंतर तहाच्या अटींमुळे ती रचना स्वित्झर्लंडमध्ये गेली आणि तेथे ऑर्लिकॉन हे नाव घेऊन बसली. दुसऱ्या महायुद्धात तिचीच भावंडे जर्मन विमानांवर होती, जपानी विमानांवर होती आणि ब्रिटिश-अमेरिकन युद्धनौकांवरही होती. तटस्थ देशाच्या तटस्थ कारखान्याने दोन्ही बाजूंच्या मातांना पुत्रशोक पुरविला. त्याच युद्धाच्या अखेरीस जर्मनीतील माउझर कारखान्यात पिस्तुलासारख्या फिरत्या कोठ्यांची एक नवी तोफ आकारास येत होती. युद्ध संपताच तिचे आराखडे जेत्यांनी वाटून घेतले. इंग्रजांनी त्यांवरून ‘एडन’ काढली, फ्रेंचांनी ‘देफा’, अमेरिकनांनी आपली निराळी. ज्या राजवटीविरुद्ध मानवजातीच्या नावाने युद्ध झाले, तिची तोफ मात्र सर्वांना हवी होती. ही एडन आपल्याकडे हंटर आणि नॅट विमानांबरोबर आली आणि जग्वार विमानांत ती अजूनही आहे.

मी शस्त्रत्यागवादी नाही, हे येथे स्पष्ट केलेले बरे. २२ नोव्हेंबर १९७१ रोजी बोयऱ्याच्या आकाशात आपल्या चिमुकल्या नॅट विमानांनी पाकिस्तानी सेबर विमाने पाडली ती याच तोफांनी. १४ डिसेंबरला श्रीनगरवर सहा सेबर चालून आली तेव्हा निर्मलजितसिंग सेखों वर गेले आणि परतले नाहीत, तेही नॅटमधून. त्याआधीच पंडितांनी तोफेला निवृत्तीची नोटीस दिली होती. क्षेपणास्त्र आले, आता तोफ हवी कशाला, असे म्हणून अमेरिकेने फँटम विमान बिनतोफेचे केले आणि व्हिएतनाममध्ये हात पोळल्यावर पुढील आवृत्तीत ती परत बसविली. आपणही नाशिकला बनविलेल्या मिग-२१ च्या एका आवृत्तीत अंगची तोफ नव्हती. पुढे तिच्या पोटाखाली तोफेची पेटी टांगावी लागली आणि १९७१ मध्ये तीच कामी आली. (मिग-२१ ची अखेरची विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला सन्मानाने निवृत्त झाली.) सीमेचे रक्षण करणाऱ्याच्या हाती चांगले शस्त्र असावे आणि ते परक्याच्या मेहेरबानीवर अवलंबून नसावे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. १९६५ च्या युद्धात अमेरिका आणि ब्रिटन यांनी शस्त्रपुरवठा रोखला तेव्हा असईचा जाहीरनामाच पुन्हा वाचला गेला.

माझा प्रश्न पुढचा आहे. अर्थशास्त्र आम्हाला एक साधी गोष्ट शिकविते : जी वस्तू स्वस्त, तिचा वापर अधिक आणि विचार कमी. क्षेपणास्त्र महाग असते. ते सोडण्यापूर्वी चार अधिकारी विचार करतात, नंतर कोणी तरी जाब विचारतो. तोफेचा गोळा त्या मानाने कवडीमोल. शिवाय ती जवळून चालते. म्हणून आकाशातील सर्व शस्त्रांत वस्ती, बाजार, रस्ता यांच्यावर चालण्याचा मोह सर्वांत अधिक जिच्या बाबतीत होतो, ती ही तोफ.

मराठवाड्याला हे अनोळखी नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानात भारतीय फौजा शिरल्या, तेव्हा त्यांच्या डोक्यावर टेम्पेस्ट विमाने होती. प्रत्येकीच्या पंखांत २० मिलिमीटरच्या चार हिस्पानो तोफा. उमरग्याहून राजेश्वरकडे जाणाऱ्या वाटेवर दबा धरून बसलेल्या निजामी ठाण्यांवर त्यांनी १४ सप्टेंबरला हल्ले केले आणि वाट मोकळी झाली. जालन्याच्या बाजूसही निजामी फौजेने चिवट प्रतिकार केला होता. आमची आजी सांगत असे, की विमानांची घरघर ऐकू आली की सारे बाजरीच्या शेतात पालथे पडत. आपले विमान की निजामाचे, हे खालून कळत नसे. ते विमान आपल्याला सोडवावयास आले आहे, हे तिला चार दिवसांनी समजले. १७ सप्टेंबरचा आनंद आम्हा सर्वांना प्रिय आहे आणि त्या कारवाईच्या न्याय्यतेविषयी माझ्या मनात शंका नाही. तरीही बाजरीत पालथ्या पडलेल्या बाईला वरची निशाणी दिसत नाही, ही गोष्ट मी आजीकडून शिकलो. गोव्यातही, १८ डिसेंबर १९६१ रोजी, हंटर विमानांनी बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर रॉकेटे आणि तोफा चालविल्या. लक्ष्य नेमके, लष्करी. काम झाले, विमाने परतली. असे मर्यादित उदाहरणही आहे, ते नाकारू नये.

पण ५ मार्च १९६६ चे काय? त्या दिवशी आणि त्यानंतरही, आसामातील तत्कालीन मिझो जिल्ह्याच्या ऐझॉल शहरावर भारतीय विमानांनी तोफा चालविल्या आणि आगीचे बाँब टाकले. विमाने तुफानी आणि हंटर होती. बंड सशस्त्र होते, सरकारी ठाण्यांना वेढा पडला होता, हे सर्व खरे. परंतु शहर आपले होते, माणसे आपली होती, आणि जळाली ती त्यांची घरे. सरकारतर्फे सांगण्यात आले की विमाने जवान आणि रसद उतरविण्यासाठी वापरली. मिझोराममध्ये आजही ५ मार्च हा दिवस पाळला जातो. ऑगस्ट २०२३ मध्ये लोकसभेत या घटनेचा उल्लेख झाला तो एका पक्षाने दुसऱ्याला टोमणा मारण्यासाठी. ज्यांची घरे जळाली त्यांची चौकशी ना तेव्हा झाली, ना या टोमण्यानंतर. विरोधी बाकांवरूनही कोणी म्हणाले नाही की उद्यासाठी एक नियम करू या.

शिरस्त्राणाशी जोडलेल्या तोफेचा मुद्दा येथे येतो. १२ जुलै २००७ रोजी बगदादच्या एका रस्त्यावर अमेरिकन अपाचे हेलिकॉप्टरने ३० मिलिमीटरची तोफ चालविली. मेलेल्यांत रॉयटर्सचे छायाचित्रकार नमीर नूर-एल्दीन आणि त्यांचे सहकारी सईद चमाघ हे होते. कॅमेऱ्याची भिंग शस्त्रासारखी दिसली, एवढे कारण पुरले. हेलिकॉप्टरमधील चित्रफीत २०१० मध्ये फुटली म्हणून जगाला हे दिसले, एरव्ही ती एका चकमकीची नोंद होऊन राहिली असती. चालकाने जे पाहिले ते मारले. त्याने चुकीचे पाहिले होते. जगातील सर्वांत श्रीमंत सैन्याला ही चूक टाळता आली नाही.

आपल्या सरकारने या बाबतीत काही संयम पाळला आहे, आणि त्याचे श्रेय दिले पाहिजे. २००९ साली नक्षलग्रस्त भागात हेलिकॉप्टरांवर गोळीबार होऊ लागला तेव्हा हवाई दलाने, प्रदीप नाईक हवाई दलप्रमुख असताना, फक्त स्वसंरक्षणार्थ उलट गोळीबार करण्याची मुभा मागितली. त्यापलीकडे जाऊन गडचिरोलीच्या किंवा बस्तरच्या जंगलावर आकाशातून तोफा चालविण्याचे धोरण सरकारने जाहीररीत्या कधी पत्करले नाही. परंतु हा संयम कोणत्या कायद्यात आहे? तो सेनाधिकाऱ्यांच्या शहाणपणात आहे, मंत्र्यांच्या स्वभावात आहे, आणि या दोन्ही गोष्टी बदलत असतात. १५६ हेलिकॉप्टरे येणार, प्रत्येकीच्या नाकाखाली एक तोफ असणार. देशाच्या सीमेच्या आत, आपल्याच नागरिकांच्या वस्तीवर ती चालवावयाची झाल्यास परवानगी कोणाची, संसदेला किती दिवसांत कळवावयाचे, नंतर चौकशी कोणी करावयाची, हे आज लिहून ठेवले पाहिजे. गडचिरोलीतील नक्षल चळवळ ओसरत असताना असा कायदा करणे सोपे आहे. बंड पेटल्यावर कोणी करीत नसतो.

पैशाविषयी फार लिहीत नाही. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटींची तरतूद होती आणि ग्रामीण रोजगार हमीसाठी ८६ हजार कोटींची. एका ‘प्रचंड’ची सरासरी किंमत, प्रशिक्षण आणि इतर सामग्रीसह, चारशे कोटींच्या घरात जाते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यातील मोसंबीच्या बागा वाळताना पाहिलेल्या माणसाला ही तुलना सुचणारच. पण ती करून टाळ्या घेण्याचा मोह मी आवरतो, कारण संरक्षण आणि रोजगार यांपैकी एकच निवडा असे कोणी सांगितलेले नाही. खरी विसंगती अन्यत्र आहे. तोफेच्या जाहिरातीत तोफ बनविणारा माणूस कोठेच नसतो.

दारूगोळ्याच्या ४१ सरकारी कारखान्यांपैकी दहा महाराष्ट्रात : खडकी, देहूरोड, वरणगाव, भुसावळ, अंबरनाथ, अंबाझरी, भंडारा, चांदा. ऑक्टोबर २०२१ मध्ये जुने मंडळ मोडून त्यांच्या सात कंपन्या केल्या गेल्या. त्यापूर्वी त्याच वर्षी कामगारांचा संप बेकायदा ठरविणारा वटहुकूम आणि नंतर कायदाही आला. कायदा मुदतीचा होता, परंतु कामगाराला जे सांगावयाचे ते सांगून झाले होते. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या कारखान्यात स्फोट झाला आणि आठ कामगार गेले. शहीद हा शब्द त्यांच्यासाठी फारसा कोणी वापरला नाही.

आणि तोफगोळ्याचा प्रवास झाडल्यावर संपतो असेही नाही. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेच्या ए-१० विमानांनी ३० मिलिमीटरचे, क्षीण युरेनियमचे, पावणेआठ लाखांवर गोळे झाडले. युद्धे संपतात, वाळवंटात लोखंड उरते, आणि लोखंडाला बाजार असतो. ३० सप्टेंबर २००४ रोजी गाझियाबादजवळच्या साहिबाबाद येथील एका पोलाद कारखान्यात पश्चिम आशियातून आलेल्या भंगारातील जिवंत गोळ्यांचा स्फोट झाला आणि दहा कामगार मारले गेले. त्यानंतर आयात भंगारासाठी स्फोटके व किरणोत्सर्ग नसल्याचे तपासणीपत्र सक्तीचे झाले. जालन्याच्या भट्ट्यांनाही परदेशी भंगार लागते. भट्टीपुढे उभा असतो तो बिहारचा, उत्तर प्रदेशाचा, ओडिशाचा ठेकेदारी मजूर. तपासणीपत्र इंग्रजीत असते आणि ते कार्यालयाच्या फाइलीत असते. ऑगस्ट २०२४ मध्ये येथील औद्योगिक वसाहतीत भट्टीचा स्फोट होऊन वीसहून अधिक कामगार भाजले. त्याचा युद्धभंगाराशी संबंध होता असे माझे म्हणणे नाही. भट्टीत काय पडते आहे हे भट्टीपुढच्या माणसाला समजलेच पाहिजे, त्याला त्याच्या भाषेत सांगितले पाहिजे आणि संशय आला तर काम थांबविण्याचा अधिकार त्याला असला पाहिजे, एवढेच म्हणणे आहे.

शेवटी वाचकांना एक विनंती. १९४८ च्या सप्टेंबरात विमाने पाहिलेली, ऐकलेली माणसे आता नव्वदीच्या पुढे असतील. जालना, अंबड, परतूर, भोकरदन या भागांत कोणाच्या घरी अशी वडीलधारी मंडळी असतील, तर त्यांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत उतरवून या साप्ताहिकाकडे पाठवाव्यात. विमान कोणत्या दिशेने आले, काय झाडले, कोठे पडले, कोण जखमी झाले, नंतर कोणी विचारपूस केली का, एवढे लिहिले तरी पुरे. लष्करी इतिहासात वैमानिकाच्या बाजूची नोंद आहे. बाजरीच्या शेतातली नाही.